'नाइस' म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ. नर्स येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, टॅक्सी चालवणारे येतात, पोळीभाजीचे डबे देणाऱ्या दोघी येतात. वर्ग सुटला की प्रश्न फोनवर सुरू होतात, तेही बहुतेक रात्री साडेदहानंतर. मला वाटायचं, लोक काळ विचारतील, 'अ' आणि 'द' विचारतील. तेही विचारतात, पण सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते एन, आय, सी, ई या चार अक्षरांच्या शब्दावर. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळी लिहून काढली आहेत. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत.

१. मॅडम, नाइस म्हणजे छान. एवढं सोपं आहे, मग त्यात विचारण्यासारखं काय आहे?

नव्वद टक्के वेळा एवढं पुरतं. 'छान' आणि 'नाइस' यांचा स्वभाव सारखाच. दोघंही पसंती कळवतात आणि कारण मात्र सांगत नाहीत. साडी छान, भाषण छान, हवा छान, सून छान. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की बोलणाऱ्याची तक्रार नाही.

अडचण येते ती माणसांबद्दल बोलताना. 'मुलगी छान आहे' असं म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी चेहरा येतो. 'शी इज नाइस' म्हटलं की इंग्रजी ऐकणाऱ्याला स्वभाव कळतो: बोलायला गोड, वागायला चांगली. दिसण्याबद्दल बोलायचं असेल तर 'शी लुक्स नाइस' म्हणावं लागतं, आणि तेही बहुधा आजच्या कपड्यांबद्दल, केसांबद्दल, एकूण तयारीबद्दल असतं. वर्गातल्या एका काकांनी नव्या शेजारणीबद्दल इंग्रजीत 'नाइस' म्हटलं आणि काकू दोन दिवस गप्प होत्या. खरं तर काकांनी फक्त तिच्या वागण्याचं कौतुक केलं होतं. त्यांचं इंग्रजी बरोबर होतं, काकूंनी ते मराठीत ऐकलं.

२. नाइस, नाईस की नाय्स? देवनागरीत लिहायचं कसं आणि म्हणायचं कसं?

लिहायला मी 'नाइस' पसंत करते, कारण तो 'इ' ओढायचा नाही. सगळा शब्द एका दमात, एकच झटका. शेवटी 'स' आहे, 'झ' नाही.

याच्याशी गल्लत होते ती 'नीस' या शब्दाची. त्याचं स्पेलिंग एन, आय, ई, सी, ई, आणि अर्थ भाची किंवा पुतणी. इंग्रजीला दोघींतला फरक कळत नाही, तो आपण सांगायचा. 'माय नाइस इज कमिंग फ्रॉम सातारा' असं लिहिलेलं मी तीनदा तरी तपासलं आहे. याच चार अक्षरांचा 'नीस' असा उच्चारही एका ठिकाणी होतो. त्यासाठी प्रश्न १८ पाहा.

३. गुड आणि नाइस यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ चांगलाच ना?

डॉक्टर डोळ्यांपुढे आणा. 'ही इज अ गुड डॉक्टर' म्हणजे हाताला गुण आहे, निदान चुकत नाही. 'ही इज अ नाइस डॉक्टर' म्हणजे हसून बोलतो, घाई करत नाही, आजीला दोनदा समजावून सांगतो. पहिला कदाचित खेकसतही असेल. दुसऱ्याचं औषध लागू पडेलच असं नाही. रांग पहिल्याच्या दारात लागते, हे तुम्हाला माहीत आहेच.

थोडक्यात, 'गुड' कामाबद्दल, कसबाबद्दल किंवा नीतीबद्दल बोलतं आणि 'नाइस' सहवासाबद्दल. आपल्या 'चांगला'मध्ये हे दोन्ही मावतं, म्हणून गोंधळ होतो. माणसाबद्दल बोलताना 'नाइस'च्या सगळ्यांत जवळचा मराठी शब्द मला 'गोड' वाटतो. 'गोड माणूस आहे हो' असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कर्तबगारीबद्दल काहीच बोलत नसतो.

जेवणाबद्दल हा फरक जवळपास पुसला जातो. गुड फूड, नाइस फूड, दोन्ही चालतं. पण 'शी इज अ गुड कुक' म्हणजे सुगरण. 'शी इज अ नाइस कुक' म्हटलंत तर बाई प्रेमळ आहेत एवढंच कळेल, भाजीत मीठ किती ते नाही.

४. मग फाइन, काइंड, कूल हे कुठे बसतात?

'काइंड' म्हणजे मनाने दयाळू. नाइस माणूस गोड बोलतो, काइंड माणूस पदरमोड करतो. 'कूल' हा तरुणांचा शब्द आहे, आजोबांच्या सत्काराच्या भाषणात घालू नका. आणि शब्दशः भाषांतर तर मुळीच नको, कारण मराठीत 'थंड माणूस' ही शिवीच्या शेजारची गोष्ट आहे.

'फाइन' मात्र फसवा. पाहुण्याला 'टी?' विचारलं आणि तो 'आय ॲम फाइन' म्हणाला तर तो तब्येत सांगत नाही, चहा नको म्हणतोय. आणि लोकलमध्ये विनातिकीट सापडल्यावर भरायचा तोही फाइनच. गंमत म्हणजे दोघांचं मूळ एक, लॅटिनमधला 'फिनिस' म्हणजे शेवट. गुणांचं शेवटचं टोक गाठलं तो फाइन, आणि पैसे भरून प्रकरण संपवलं तोही फाइन.

५. व्हेरी नाइस, सो नाइस, टू नाइस, क्वाइट नाइस. कोणतं कधी?

'व्हेरी' आणि 'रिअली' निर्धास्त वापरा. 'सो नाइस' जरा लाडिक आहे, पण चुकीचं नाही.

'टू' जपून. आपल्याकडे 'टू गुड' म्हणजे एकदम भारी, आणि मुंबईत तसं बोललेलं सगळ्यांना कळतं. पण परदेशी साहेबाला 'यू आर टू नाइस' म्हटलंत तर तो 'जरुरीपेक्षा जास्त नाइस, म्हणजे लोक गैरफायदा घेत असणार' असंही समजू शकतो. कधी ते लाडाने म्हटलेलं असतं. कोणता अर्थ घ्यायचा ते सुरावरून ठरतं.

'क्वाइट नाइस'मध्ये समुद्र आडवा येतो. अमेरिकन माणूस म्हणाला तर बऱ्यापैकी खरं कौतुक. इंग्लंडचा म्हणाला तर बहुधा 'बरं आहे'. आणि तोच 'नॉट व्हेरी नाइस' म्हणाला तर समजा की वाईट आहे. फक्त आवाज चढवायचा नाही एवढं त्याने ठरवलेलं असतं.

६. समोरचा 'नाइस टू मीट यू' म्हणाला की मी 'सेम टू यू' म्हणतो. लोक हसतात. का?

'सेम टू यू' हे शुभेच्छेचं उत्तर आहे. 'हॅपी दिवाली' म्हटलं की 'सेम टू यू'. तिथे तुम्ही तीच शुभेच्छा परत देता. 'नाइस टू मीट यू' ही शुभेच्छा नाही, तो स्वतःबद्दल सांगतोय की भेटून बरं वाटलं. त्याला उत्तर 'नाइस टू मीट यू टू'. शेवटच्या 'टू'वर जोर द्या. एवढं लांब जमत नसेल तर 'यू टू' पुरे.

अजून दोन गोष्टी. 'मीट' फक्त पहिल्या भेटीत. ओळखीच्या माणसाला 'नाइस टू सी यू'. त्याला 'मीट' म्हटलंत तर तुम्ही त्याला विसरलात असं तो धरून चालेल. आणि निघताना रूप बदलतं, 'नाइस मीटिंग यू'. येताना 'टू मीट', जाताना 'मीटिंग'. मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे पाठच करावं. केबिनचं दार उघडताना एक, लावताना दुसरं.

७. नाइस ऑफ यू, नाइस टू यू, नाइस फॉर यू. तिन्ही एकच का?

नाही, आणि इथे चुकलं तर अर्थ पार बदलतो.

'ऑफ' आला की कृतीचं कौतुक. 'इट वॉज नाइस ऑफ यू टू कम.' मराठीत आपण 'तुम्ही आलात, बरं वाटलं' म्हणतो. वाक्यरचना वेगळी, पण भाव तोच. आभार मानताना नव्वद टक्के वेळा हेच हवं असतं.

'टू' आला की वागणूक. 'बी नाइस टू युवर सिस्टर' म्हणजे ताईशी नीट वाग.

'फॉर' आला की फायदा. 'इट्स नाइस फॉर हिम, द स्टेशन इज क्लोज' म्हणजे त्याला बरं पडतं, स्टेशन जवळ आहे. पण नुसतंच 'नाइस फॉर यू!' म्हणून थांबलात तर त्यात 'मजा आहे बुवा तुमची' असा हलका चिमटा येतो. एका विद्यार्थिनीने मॅनेजरला बढतीबद्दल असंच लिहून पाठवलं होतं. तिला अभिनंदन करायचं होतं.

८. 'द बिर्याणी स्मेल्स नाइसली.' ॲडव्हर्ब पाहिजे ना क्रियापदाला?

नको. स्मेल, टेस्ट, लुक, साउंड, फील या क्रियापदांमागे 'नाइस'च. वास बिर्याणीला येतोय, बिर्याणी नाकाने वास घेत नाहीये. 'नाइसली' हवं ते एखादी क्रिया करण्याची रीत सांगताना: 'स्पीक नाइसली', 'द नर्स ड्रेस्ड द वूंड नाइसली'. शिवाय रुग्णाबद्दल 'ही इज डूइंग नाइसली' म्हणजे सुधारणा आहे. आमच्या वर्गातल्या नर्स हे वाक्य रोज वापरतात आणि ते अगदी बरोबर आहे.

९. 'अ बिग नाइस हाऊस' चुकीचं का? शब्द तर सगळे तेच आहेत.

इंग्रजीत आधी मत आणि मग माप, मग वय, मग रंग. 'अ नाइस बिग हाऊस', 'अ नाइस ओल्ड मॅन'. मराठीतही कान लावून ऐका: 'छान मोठं घर' सहज येतं, 'मोठं छान घर' म्हणताना जीभ अडखळते. तेव्हा हा नियम पाठ करू नका, मनात 'छान' पुढे ठेवा. मुंबईत 'नाइस बिग हाऊस' म्हणायचा प्रसंग किती जणांवर येतो, हा भाग वेगळा. आपल्याला 'नाइस लिटल'चीच सवय जास्त.

१०. 'नाइस अँड हॉट' मध्ये 'अँड' कशाला?

हा 'आणि' नाहीच. 'द टी इज नाइस अँड हॉट' म्हणजे चहा हवा तसा कडकडीत आहे. 'नाइस अँड क्लीन' म्हणजे लख्ख, 'नाइस अँड अर्ली' म्हणजे मस्त लवकर. आपण 'छान गरम', 'छान स्वच्छ' म्हणतो तेव्हा मराठीतला 'छान' हेच काम करतो, फक्त मधे 'आणि' लागत नाही.

ही जोडी वाक्याच्या शेवटी शोभते. नामाच्या आधी 'अँड' गाळा: 'अ नाइस हॉट कप ऑफ टी'.

११. मराठीत बोलताना 'किती नाइस ना!' म्हटलं तर भाषा बिघडते का? आई ओरडते.

आईचं ऐका, पण तिलाही हे सांगा की 'मस्त' आणि 'खास' हेही बाहेरूनच आले. आपण इतके दिवस सांभाळले की आता ते घरचे झालेत.

व्याकरणापुरतं बोलायचं तर 'नाइस' मराठीत निमूट बसतो. आपली आकारान्त विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात: चांगला, चांगली, चांगलं. 'छान', 'सुंदर', 'लाल' बदलत नाहीत. 'नाइस' त्यांच्याच पंक्तीला बसला. नाइस मुलगा, नाइस मुलगी, नाइस घर.

माझी तक्रार वेगळी आहे. 'नाइस' आल्यावर सुरेख, टुमदार, नेटकं, खमंग, ऐसपैस, झकास हे सगळे कपाटात जातात. टुमदार फक्त घर असतं. खमंग फक्त खायचं असतं, फार तर चहाडी. प्रत्येक शब्द कशाचं कौतुक चाललंय ते सांगून जातो. 'नाइस' ते सांगत नाही. भाषा बिघडत नाही, पण बोलणं सपक होतं.

१२. अमेरिकेहून नातू आला. माझी पुरणपोळी खाऊन फक्त 'नाइस' म्हणाला. आवडली की नाही त्याला?

आजी, शब्दावर जाऊ नका. दुसरी मागून घेतली का? तूप अजून वाढा म्हणाला का? मग आवडली.

शब्दावरूनच ठरवायचं असेल तर सूर बघायचा. 'ना-इ-स' लांबवून, भुवया वर करून म्हणाला असेल तर खरी पसंती. तुटक 'नाइस' आणि हात पाण्याच्या ग्लासकडे, तर ते शिष्टाचाराचं. तिकडे मुलांना शिकवतात की वाढलेल्याला नावं ठेवायची नाहीत, आणि अशा वेळी 'नाइस' फार कामाला येतो. आपल्याकडे अशाच प्रसंगी आपण 'वेगळी चव आहे' म्हणतो.

१३. बघण्याच्या कार्यक्रमानंतर मुलाकडचे 'व्हेरी नाइस फॅमिली' म्हणाले आणि मग आठवडाभर फोन नाही. अर्थ काय घ्यायचा?

ज्यांनी विचारलं त्यांची क्षमा मागून सांगते, नकार. मुलीबद्दल न बोलता घराला 'नाइस' म्हटलं, म्हणजे 'पोहे छान होते' याचीच ती इंग्रजी आवृत्ती. खरी गोष्ट टाळून बाजूच्या गोष्टीचं कौतुक करायला 'नाइस'इतका सोयीचा शब्द दुसरा नाही. कारण त्यावर 'म्हणजे काय?' असं कोणी विचारत नाही.

१४. माझ्या हातून साहेबांच्या टेबलावर चहा सांडला. ते 'नाइस!' म्हणाले. रागावले नाहीत का?

रागावले. हा उपरोध. आपण नाही का म्हणत, 'वा, दिवे लावलेस', 'शाब्बास, उजेड पाडलास'? 'नाइस वन', 'नाइस गोइंग' हेही प्रसंग पाहून उलट होतात. क्रिकेटच्या मैदानात उत्तम चेंडूनंतर 'नाइस वन' खरं कौतुक असतं. झेल सुटल्यावर तेच शब्द आले तर ते कौतुक नव्हे.

'नाइस ट्राय' या दोन्हींच्या मधे बसतो. हरलेल्याला धीर द्यायलाही तो चालतो आणि लबाडी पकडल्यावर 'प्रयत्न बरा होता, पण फसलो नाही' म्हणायलाही.

१५. चुकून भलत्याच मेसेजवर 'नाइस' गेला. आता काय करू?

हे माझ्या हातूनही झालंय. बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणीतरी गणपतीच्या मखराचे फोटो टाकले होते. मी 'नाइस' टाइप करून पाठवलं, आणि तेवढ्यात मधे तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा मेसेज येऊन बसला होता की वडिलांना आयसीयूत हलवलंय. त्याखाली माझा 'नाइस'.

मेसेज लगेच काढून टाका, पण तेवढ्यावर थांबू नका, फोन करा. शक्य असेल तर जिना चढून जा. मी गेले. त्यांनी मेसेज वाचलाही नव्हता. आता मी फोटोवर बोट दाबून त्यालाच उत्तर देते, आणि एक शब्द जास्त लिहिते. 'मखर नाइस' चुकीच्या जागी पडलं तरी निदान कळतं की ते मखराबद्दल आहे.

१६. शिफारसपत्रात किंवा अप्रेझलमध्ये 'नाइस' लिहू का?

एकट्याने नको. 'ही इज अ नाइस बॉय' एवढंच लिहिलेलं पत्र वाचणारा समजतो की कामाबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं. कारण प्रश्न ३ मध्ये आहे. काय केलं ते लिहा: हिशेब वेळेत देतो, चिडलेल्या ग्राहकाला शांत करतो, तीन वर्षांत एकदाही न सांगता गैरहजर राहिला नाही. त्यानंतर शेवटी 'नाइस' आला तर उलट शोभतो.

आणि साहेबांनी ईमेलमध्ये 'नाइस वर्क' लिहिलं तर? आनंद माना, पण पगारवाढीचं गणित त्यावर मांडू नका.

१७. नाइसचा मूळ अर्थ म्हणे 'मूर्ख' होता. खरं की व्हॉट्सॲपवरचं?

खरं. तिथून आलेल्या गोष्टींपैकी ही एक चक्क खरी निघाली.

मूळ लॅटिन शब्द 'नेस्कियस'. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. जो जाणत नाही तो नेस्कियस. संस्कृतातल्या 'अज्ञ' या शब्दाची घडण अगदी अशीच आहे. याच 'स्कीरे'पासून 'सायन्स' आला. म्हणजे 'नाइस' आणि 'सायन्स' हे एकाच घराण्यातले चुलत भाऊ, एक जाणणारा आणि एक न जाणणारा.

लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून १३०० च्या सुमाराला इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख, वेडगळ असाच होता. चॉसरने तो तसाच वापरला आहे. पुढे तो सरकत गेला. मूर्खावरून बुजरा, बुजऱ्यावरून चोखंदळ आणि नाजूक, नाजुकावरून बारकाईने पाहणारा आणि अचूक. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात कुठे आजचा अर्थ रुजला: सुखद, आवडेल असा.

या शेवटच्या अर्थावर लगेच टीकाही झाली. जेन ऑस्टिनची 'नॉर्दँगर ॲबी' १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्यात नायिका एका कादंबरीला 'नाइस' म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची फिरकी घेतो. नाइस म्हणजे नीटनेटकं ना, मग ते पुस्तकाच्या बांधणीवर ठरेल, असा त्याचा सूर. तेव्हा निबंधातला 'नाइस' लाल शाईने खोडणाऱ्या बाईंची परंपरा किमान दोनशे वर्षांची आहे. मीही त्यातलीच.

उलट प्रवास पाहायचा असेल तर 'सिली' घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सुखी, धन्य. मग झाला निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी मूर्ख. एक शब्द जिना चढला, दुसरा उतरला, आणि दोघं मधल्या वळणावर एकमेकांना भेटले असावेत.

आपल्याकडे हे नवल नाही. 'मस्त' म्हणजे फारसीत नशेत धुंद. आपण तो आंब्याला लावतो, जुना वास मात्र 'मस्तवाल'मध्ये राहिलाय. 'राजीनामा' म्हणजे मुळात संमतीचा कागद, आता खुर्ची सोडताना देतात. 'शिक्षा' संस्कृतात आणि हिंदीत शिकवण, मराठीत छडी. माझ्या धंद्याबद्दल मराठीचं मत यावरून काय ते समजा. आणि मुंबईत 'दादा' आणि 'भाई' हे शब्द थोरल्या भावावरून कुठे पोचले ते गिरगावकरांना सांगायला नको.

१८. बिस्किटावर 'नाइस' लिहिलेलं असतं ते हेच का? आणि फ्रान्समधलं 'नीस' शहर?

स्पेलिंग तेच, शब्द वेगळा. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शहराचा उच्चार 'नीस'. त्याचं नाव विजयासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे, त्याचा मूर्खाशी किंवा छानाशी संबंध नाही.

वरून साखर भुरभुरलेलं, खोबऱ्याच्या चवीचं चौकोनी बिस्किट इंग्लंडमध्ये बरेच जण शहरासारखंच 'नीस' म्हणतात. आपल्याकडे ते 'नाइस'च झालं, 'नाइस टाइम' नावाचा पुडा लहानपणी घराघरांत असायचा. वाण्याकडे जाऊन 'नीस' मागू नका, तो नीट ऐकू आलं नाही असं समजून दुसरंच काही देईल.

१९. हायकोर्टातल्या निकालात 'अ नाइस पॉइंट ऑफ लॉ' वाचलं. न्यायमूर्तींना कायदा आवडला का?

नाही. प्रश्न १७ मध्ये 'बारकाईने पाहणारा' असा एक मधला अर्थ आला, तो कोर्टात आणि जुन्या वळणाच्या लिखाणात अजून जिवंत आहे. 'नाइस पॉइंट' म्हणजे कायद्याचा बारीक, नाजूक मुद्दा, जिथे केसाएवढ्या फरकाने निकाल इकडचा तिकडे होतो. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे सूक्ष्म भेद. 'नाइसिटी' या नामातही तोच अर्थ उरला आहे: 'द नाइसिटीज ऑफ ग्रामर' म्हणजे व्याकरणातले बारकावे, गोडवे नव्हेत. गोडपणासाठी वेगळा शब्द आहे, 'नाइसनेस'.

ओळखायचं कसं? पॉइंट, क्वेश्चन, डिस्टिंक्शन, जजमेंट असं काही पुढे असेल आणि लिहिणारा वकील किंवा प्राध्यापक असेल तर आधी 'सूक्ष्म' लावून पाहा. वाक्य जुळलं तर तेच.

२०. मुलगा भूगर्भशास्त्र शिकतो. म्हणतो, मुंबईत नाइस नाही, सिंधुदुर्गात आहे. हे काय?

तो खडकाबद्दल बोलतोय. स्पेलिंग जी, एन, ई, आय, एस, एस. 'जी' गप्प असतो, त्यामुळे उच्चार हुबेहूब 'नाइस'. शब्द जर्मनमधून आला. फिकट आणि गडद पट्ट्यांचा रूपांतरित खडक, मराठीत पट्टिताश्म. मुंबई बहुतांशी लाव्हाच्या काळ्या बेसॉल्टवर उभी आहे. पट्टिताश्म सिंधुदुर्गात आणि पूर्व विदर्भात सापडतो. मुलगा बरोबर आहे, आणि त्याने मालवणचं पारडं जड केलं म्हणून रुसू नका.

२१. आयटीतला जावई म्हणतो, 'प्रोग्रॅमला नाइस लावला.' प्रोग्रॅम कसा काय नाइस असतो?

युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींत 'नाइस' नावाची आज्ञा आहे. एकाच वेळी अनेक कामं चालू असतात आणि प्रोसेसर कोणाला किती वेळ देणार ते ठरवावं लागतं. प्रत्येक कामाला एक आकडा असतो. लिनक्समध्ये तो उणे २० ते १९, काहीच सांगितलं नाही तर शून्य. आकडा जितका मोठा, तितकं ते काम इतरांशी जास्त नाइस, म्हणजे स्वतः मागे राहून दुसऱ्यांना पुढे जाऊ देणारं. उणे २० वालं सगळ्यांत आधी हात मारतं.

लोकलच्या तीन जणांच्या बाकावर 'सरका जरा' म्हणत चौथी सीट घेणारा तो उणे २०. 'बसा, बसा, मला दादरलाच उतरायचंय' म्हणून आधीच उठून दाराकडे जाणारा तो १९. इथे 'नाइस' हे प्रश्न ७ मधल्या 'टू'चं नाइस आहे, दुसऱ्यांशी वागण्याचं. साधा वापरकर्ता आपल्या कामाचा आकडा वाढवू शकतो, पण शून्याच्या खाली आणायचा तर सहसा ॲडमिनचा अधिकार लागतो. जावयाने रात्रीच्या बॅकअपला १९ लावला असेल, म्हणजे दिवसभराची कामं अडणार नाहीत.